तिरप्या रेघेपुढचा कॉमा

पामर्स्टन नॉर्थ,
जुलै २००६

प्रिय गार्गी,

तू ओटाहुहूला निघून गेल्यावर सासऱ्याने तुला लिहावं की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. रागावू नकोस. इथे जुलैत ऐन हिवाळा, थंडी फार आहे, पण हीटरने पेट घेतला तर, या भीतीने मी तो लावत नाही. शंतनु गॅरेजमध्येच असतो. युनिव्हर्सिटीतलं काम सुटलं, तरी लिस्प ही कॉम्प्युटरची भाषा वाचणारा तो प्रोग्रॅम त्याने सोडला नाही.

माझी शाळा सातवीपर्यंत. पण जेवताना मी मुद्दाम विचारायचो, आज कुठे अडलं? मग तो बोलायचा. म्हणे, ओळीआधी उलटी खूण असली की पुढचं सगळं जसंच्या तसं ठेवायचं, फक्त कॉमा दिसेल तिथे त्यापुढच्या नावाची किंमत आणून बसवायची. पण कॉमाआधी तिरपी रेघ असेल तर तो कॉमा नुसतं अक्षर, नावाचाच भाग. त्याला हात लावायचा नाही. याचा प्रोग्रॅम आधी रेघा पुसायचा आणि मग वाचायला बसायचा. मग कुठला कॉमा कसला, कळणार कसं? नसलेली किंमत शोधत तो बंद पडायचा. मला समजलं होतं गं, तरी मी म्हणायचो, पुन्हा सांग, डोक्यात शिरलं नाही. "बाबा, तुम्ही पण ना!" म्हणत तो दोन घास जास्त खायचा. तू जाताना त्याला म्हणालीस ना, "कॉमाशीच लग्न करायचं होतंस!" तेही त्याने हसत सांगितलं आणि उठून भांडी घासत बसला.

रविवारी ते सुटलं. आता प्रोग्रॅम एकेक अक्षर वाचतो, रेघ दिसली की पुढचं अक्षर न तपासता उचलतो. मी शिरा केला. त्याने तोंडात घातला नाही. कॉम्प्युटर बंद केला तो बंदच. विचारलं तर, "झालं ना बाबा ते." अंधारात नुसता बसतो. मी दाराबाहेर उभा राहून त्याचा श्वास ऐकतो.

शनिवारी माझं विमान आहे, व्हिसा वाढवून मिळाला नाही. तू परत ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तुम्ही एका वर्गातले, तुला यातलं कळतं. माझ्याकडचे प्रश्न संपले. तुला एखादा अवघड सुचेल. त्याला फोन कर आणि विचार. तो उचलेल याचा मला भरवसा नाही. उचललाच, तर समजलं असं लगेच म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा