ओनेसिमोकाकांचा फॉन्ट

किब्दो, दुखवट्याच्या नऊ रात्रींतला आठवा दिवस

आदरणीय बेलिसारिओमामा,

आधी आशीर्वाद द्या, मगच पुढे वाचा. मला त्याची फार गरज आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे ओनेसिमोकाका सोडून, आणि हे पत्र त्यांच्याविषयीच आहे.

काका गेल्याचं तुम्हाला कळलंच आहे. नदीच्या धक्क्यावर लोकांना अर्ज लिहून देण्याच्या त्यांच्या टेबलाशी तीन वर्षं बसून मी हे काम शिकलो (पाचवीपर्यंत शिकलेल्याला जितकं येतं तितकं). ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी फेलिसाकाकूंनी टेबल आणि लॅपटॉप माझ्या हवाली केला, कारण लोक खोळंबले होते. काकांच्या पडद्याची मांडणी अशी: मधोमध रेघ, डावीकडे गिऱ्हाइकाने सांगितलेली हकिगत, उजवीकडे अर्ज, आणि अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. माझे डोळे दुखायला लागले. मी डावा भाग बंद केला, अक्षरं दहावरून सोळावर नेली, ओळींत अंतर सोडलं (सगळं वहीत टिपून ठेवलं आहे), आणि काकांचा तो काटकुळा फॉन्ट आवडत नाही म्हणून मशीनमधूनच काढून टाकला. कचरापेटीही रिकामी केली. मला अर्धवट काम खपत नाही.

तिसऱ्या दिवशी मशीन उघडलं तर डावा भाग उघडा. बंद केला. चौथ्या दिवशी पुन्हा उघडा, आणि त्यात एक ओळ: ‘ही बाई रडायला लागली की थांब. जमिनीचं नंतर विचार.’ समोर कोणीच नव्हतं. दहा मिनिटांनी एक बाई आली, बसली आणि रडायला लागली. मी थांबलो, मामा. (घाबरून थांबलो, पण थांबलो.)

असं रोजच व्हायला लागलं, तेव्हा आज सकाळी काकूंना सांगितलं. त्या नऊ रात्रींसाठी मांडलेल्या काकांच्या वेदीवरचं शोकाचं काळं कापडी फुलपाखरू सरळ करत होत्या.

“मेल्या, इतके दिवस मी त्यांची खाट सरकवली नाही, घरात झाडू फिरवला नाही, आणि तू त्यांची अक्षरं हलवलीस?”

“काकू, ती पडद्यावरची आहेत.”

“मग गेलेला माणूस कुठे असतो, मासळीबाजारात? उद्या नववी रात्र, वेदी उतरवायची, त्यांना जायला दार उघडायचं. आपलं सगळं जिथल्या तिथे दिसलं नाही तर ते जातील का? बसतील तुझ्याच शेजारी जन्मभर!”

मी धावत जाऊन सगळं पूर्ववत केलं. फॉन्ट तेवढा नव्हता, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा एक लावला. डावीकडे ओळ उमटली: ‘जवळपास तसाच आहे. पण माझा नाही.’

आपला भाचा,
एलादिओ

ता.क. काकांनी हाच फॉन्ट तुमच्या भातशेतकऱ्यांच्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला होता. हे पत्र आजच्या बोटीने मिळताच तो पेन ड्राइव्हवर घालून उद्या सकाळच्या बोटीने पाठवा. काकूंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही.

ता.क. २. हे लिहीत असताना एक म्हातारा आला. मुलगा खाणीत दगावलेला, हातात एकही कागद नाही, काय मागायचं तेही त्याला सुचेना. डावीकडे एकेक प्रश्न उमटत गेला, मी विचारत गेलो. असा अर्ज मी आजवर लिहिला नव्हता. म्हातारा तो छातीशी धरून गेला.

ता.क. ३. फॉन्ट पाठवाच, मामा. पण परवाच्या बोटीने. बोट उशिरा आली असं मी काकूंना सांगेन. आपल्या नदीवर ते कोणालाच खोटं वाटणार नाही.