चांदीच्या काचेवरचं औषध

मंगळवार, चौसाळा दूध संकलन केंद्र

काल लिहिलं ते चूक. कीटकनाशक रुक्मिणकाकूंच्या दुधात नव्हतं, माझ्याच काचेवर होतं. शुद्ध पाणी संपलं म्हणून चांदीच्या सूक्ष्म कणांची ती काच मी वापरायच्या पिंपातल्या टँकरच्या पाण्याने धुतली. पिंप मुळात फवारणीच्या औषधाचं. चांदी औषधाचा लवलेशही मोठा करून दाखवते, हे माहीत असून! आज दुधाशिवाय, नुसती धुतलेली काच रामन यंत्रात, म्हणजे लेसरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रात, ठेवली. औषधाची तीच खूण उमटली.

माझ्या तपासणीवरून दूध संघाने काकूंचं दूध परत केलं तेव्हा काकू म्हणाल्या, "म्हशीला हिरवं पान दिसंना, ती औषध कुठनं खाईल गं?" सगळे हसले. मीही. दूध ओतण्याआधी भांडं हुंगावं, हे तर आईने घरीच शिकवलं होतं. मग आधी नुसती काच का नाही तपासली?

उद्याच, बुधवारी सकाळी, सगळे दूध घालायला जमतील तेव्हा त्यांच्यासमोर काकूंना सांगणार, चूक माझी होती.