नावाआधीचं ‘कै.’

रविवार संध्याकाळ, सर्जापूर रोड

आज आमच्या मराठी फिल्म क्लबात एका इजिप्शियन दिग्दर्शकाचा जुना सिनेमा दाखवला. पोस्टरवर त्यांच्या इंग्रजीतल्या नावाआधी मराठी ‘कै.’ मीच छापलं होतं. वीस वर्षांत नवीन काही नाही, म्हणजे गेलेच असणार! साधं शोधूनही पाहिलं नाही मी.

आणि क्लब चालवणाऱ्या सुजाताक्कांनी गुपचूप त्यांनाच कैरोहून व्हिडिओ कॉलवर आणलं. चांगले हसरे, ठणठणीत. पोस्टर दिसताच त्यांनी विचारलं, “नावाआधी हे काय?”

“कैरोचं पहिलं अक्षर,” मी बोलून गेलो. सगळे खाली बघायला लागले. अक्का पुटपुटल्या, “खरं सांग की रे.” नाही सांगितलं. का नाही?

त्यांनी ते ‘कै.’ कागदावर गिरवून आम्हाला दाखवलं. म्हणाले, “इतक्या वर्षांनी सिनेमा करतोय. त्यात नावाआधी हेच लावतो.”