लखोट्यांआधी लागलेला फ्लेक्स

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५ — सकाळी ११.४०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. अकरा चाळीसला गावच्या शाळेसमोर फ्लेक्स चढला — ‘संरक्षक भिंतीचे भूमिपूजन, १५ ऑगस्ट. ठेकेदार : आनंदराव.’ आणि ठेकेदार ठरवण्यासाठी दरांचे लखोटे उघडणार दुपारी तीनला!

हेच ते आनंदराव. यांनीच बांधलेली शाळेची भिंत गेल्या पावसात आडवी झाली. वर्षभर पोरं सणसवाडीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुरात, उघड्या रस्त्याच्या कडेला बसून जेवतात.

ग्रामसेवक सावळाराम यांना विचारलं. म्हणे, “मॅडम, पंधरा ऑगस्टला फ्लेक्सवाल्याकडं गर्दी असती. म्हणून आधीच छापून घेतला. दुसरं कुणी निघालं तर नावावर स्टिकर मारू की.”

स्टिकर!

त्याच दिवशी, संध्याकाळी

तीनला ग्रामपंचायतीत जाऊन बसले. बोलावलं कुणी नव्हतं. तीन स्पर्धक, तीन लखोटे — आणि घेऊन येणारा एकच, आनंदरावांचा मुकादम. तिन्ही एकाच मिठाईच्या पिशवीतून काढले. पिशवीत खाली पेढे. लखोटे फुटायच्या आधी पेढे हजर! आनंदराव सर्वांत स्वस्त निघाले. उरलेले दोघे कोण, कुठले — कुणीच विचारलं नाही. मी विचारलं. सरपंच हसले. “बाई, तुम्ही पडल्या कॉन्व्हेंटच्या. घ्या, पेढा घ्या.”

घेतला नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

सत्यजीतला सगळं सांगितलं. भाचा असला तरी माझं ऐकून घेणारा घरात तोच एक. सणसवाडीच्या माझ्या खोल्यांचं भाडं, दुरुस्ती, भाडेकरू — सगळं तोच बघतो. मला कधी तसदी दिली नाही. म्हणाला, “आत्या, कशाला पडतेस यात? बीपी वाढेल. भिंत होतीये ना शेवटी?”

मागचीही झालीच होती की.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

नारळ फुटला. स्टिकर लागला नाही.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कस्तुराबाई शेजारी उभ्या होत्या. नात दुसरीत. “आवं बाई, मागली भिंत रातची पडली म्हून वाचली पोरं. ही दिसा पडली म्हंजी? मी तर राजनंदिनीला आत्ताच सांगून ठेवलंय — भित्तीला टेकायचं न्हाई.”

भिंतीचा पाया खणायचाय अजून, आणि पोरीला तिच्यापासून लांब राहायला शिकवून झालंसुद्धा.

सोमवार, १८ ऑगस्ट

शिरूरला गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार करणार. त्यासाठी तिन्ही स्पर्धकांची नावं-पत्ते हवेत. सावळाराम म्हणाले, “तोंडी सांगतो की मॅडम, कागद कशाला?” तोंडी मी फक्त पावसापाण्याच्या गप्पा ऐकते. लेखी द्या म्हटलं. परवा देतो म्हणाले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

डोकं ठणकतंय. सत्यजीत दोनदा खाली येऊन गेला. “मिळाले का गं पत्ते?” काळजी करतो बिचारा.

बुधवार, २० ऑगस्ट

मिळाले. दुसरा स्पर्धक आनंदरावांचा मेहुणा, पाबळचा. हे मला वाटलंच होतं. तिसरी कुठलीशी कंपनी. पत्ता : खोली नंबर चार, अनुपमा निवास, सणसवाडी.

अनुपमा मी. निवास माझा. आणि चार नंबरची खोली मार्चपासून रिकामी आहे. म्हणजे सत्यजीतनं मला तसं सांगितलंय.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सत्यजीतला रजिस्टर पत्र टाकलं. तो वरच्या मजल्यावर राहतो, तरीही. मजकूर इथे उतरवते —

“चार नंबरमध्ये कोणाची कंपनी आहे आणि कोणाच्या सहीनं आहे, हे सोमवार, २५ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. जिन्यावरून ओरडून सांगू नकोस. मंगळवारी तक्रार शिरूरला जाईल — तुझं उत्तर जोडून, नाहीतर उत्तराशिवाय. पत्ता माझा आहे. तो मी खोडणार नाही.”