शुक्रवारच्या फिल्मबद्दल माझं मत

प्रिय ताई,

हे पत्र पोस्टरवाल्याच्या हाती देतेय. तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही, असं त्याला चारदा बजावलंय. टपाल आधी तुझ्या सोन्याच्या हाती पडतं. तुझा लेकच पिक्चर दाखवणारा ऑपरेटर, लेकच टपाल घेणारा, फोन वाजला तरी उचलणारा तोच. तेव्हा ऑफिसचं दार आतून लावून घे आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खुर्चीतून उठू नकोस. शुक्रवारी तुझ्याकडे जी छोटी फिल्म लागणार आहे, आपल्याच थिएटरांवर काढलेली, ती आहे तशी पडद्यावर गेली तर एका पोरीच्या जिवावर बेतेल. तिळाचा ताड करायची मला सवय आहे हे मान्य, पण आज मी काही वाढवून सांगत नाहीये. माझं अक्षर बघ म्हणजे कळेल.

भीती वाटली की माझी बडबड वाढते, तुला माहीतच आहे. लहानपणी अंधारात जिना चढताना मी मोठमोठ्याने पाढे म्हणायचे आणि तू खालून ओरडायचीस, अगं सातचा चुकलीस. तेव्हा आधी जरा बडबडू दे. इतकी वर्षं आपण एकमेकींना पिक्चरआधी लागणाऱ्या छोट्या फिल्मांबद्दल लिहीत आलोय. मोठ्या पिक्चरबद्दल काय लिहायचं? चाललं तर हाउसफुल, नाही तर माश्या मारायच्या. पण छोटी फिल्म म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, असं बाबा म्हणायचे. लोक त्याला कसं वागवतात त्यावरून गाव कळतं. तुझं मत कायम एका ओळीचं. दात कसे घासावेत त्या फिल्मबद्दल तू लिहिलंस, बरी आहे, लोक जागे होते. झालं! मी मात्र पानंच्या पानं भरायचे. डासांच्या फिल्मला माझ्या पुढच्या रांगेतली माणसं स्वतःच्याच मानेवर फटाफट चापट्या मारत होती, ते तुला किती रंगवून लिहिलं होतं. आणि वीटभट्टीशेजारी थिएटर असलेले आपले भट्टीवाले! त्यांचं प्रत्येक फिल्मबद्दल एकच मत, लांबली. बदकांची फिल्म सुरू होते न होते तोच संपायची, पण त्यांच्या मते तीही लांबलीच.

तर ही फिल्म. ते कॅमेरावाले तुझ्याकडे आले तेव्हा तू त्यांना एकेक कप चहा पाजून, दोन वाक्यं बोलून वाटेला लावलंस म्हणे. शहाणी आहेस. मी मात्र त्यांच्या पुढेपुढे केलं. केस काळे केले, लॉबीतले आरसे धुऊन घेतले, जन्मात कोणी विचारलं नव्हतं ते माझं मत कोणीतरी कॅमेरा लावून विचारतंय म्हटल्यावर मी हवेतच होते. एकच अट घातली होती: तिकीट खिडकीकडे कॅमेरा न्यायचा नाही. का म्हणून विचारलं, तर म्हटलं, तिथला रंग उडालाय. हो हो म्हणाले. मग मी लॉबीत उभी राहून, छोट्या फिल्मा लोकांना खरंच आवडतात का यावर भाषण ठोकत होते आणि त्यांनी मला जरा डावीकडे सरकायला सांगितलं. मी सरकले. मागे काय येतंय ते वळून बघायचं मला सुचलंही नाही.

आमच्याकडे फिल्म लागली तेव्हा लोकांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मी मागच्या दाराशी उभी राहून बघितली, आणि बघितलं काय, तर माझी हनुवटी. एवढी हनुवटी मला आहे हे कोणी सांगितलं नव्हतं मला! पुढच्या शोला परत गेले, तेव्हा आवाज ऐकला. त्याच्या पुढच्याला साडी ठीक दिसते का ते बघितलं. स्वतःचं थोबाड पहिल्यांदा पडद्यावर बघणाऱ्या बाईला दुसरं काही दिसत नाही, ताई. जगातली प्रत्येक छोटी फिल्म डोळ्यांत तेल घालून बघणारी मी, नेमकी हीच बघितली नाही.

मग भट्टीवाल्यांचं पत्र आलं. फिल्मच्या दोन प्रती आहेत. एक माझ्याकडे आली, दुसरी त्यांच्याकडे. त्यांनी लिहिलं होतं की ही मात्र लांबली नाही. मला हसू आलं, म्हटलं सूर्य कुठून उगवला. आणि खाली लिहिलं होतं, तुमच्या मागे तिकीट खिडकीत हसणारी जी पोरगी आहे, ती आमच्या पब्लिकला फार आवडली, तिला पुन्हा दाखवा म्हणून ओरडा झाला. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये मी आमच्या म्हाताऱ्या ऑपरेटरला ती फिल्म पुन्हा लावायला सांगितली आणि या खेपेला स्वतःकडे अजिबात बघितलं नाही. माझ्या खांद्यामागे खिडकी स्वच्छ दिसते. कोणीतरी काहीतरी गमतीचं बोललं असावं, ती मान वर करते आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून हसते. तिकीट द्यायला डावा हात पुढे करते. पडद्यावर तो हात दाराएवढा होतो, आणि तळहातावरचा भाजल्याचा डाग शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

ऑपरेटरने काही न विचारता माझ्या प्रतीतून तेवढा भाग कापला. पण भट्टीवाल्यांकडची प्रत आता तुझ्याकडे निघाली आहे. मी वितरकाला फोन केला, म्हटलं तेवढं काढा, मी फार जाड दिसतेय. तो खो खो हसला. म्हणाला, अहो बाई, ती खिडकीतली मुलगी म्हणजे फिल्मचा जीव आहे, तिला कसं काढू? मी जास्तच मागे लागले तेव्हा त्याने विचारलं, का हो, कोण आहे ती? मी फोन ठेवून दिला. भट्टीवाल्यांनी तसंच पत्र तुलाही धाडलं असेल, आणि ते सोन्यानेच फोडलं असेल. हसणाऱ्या पोरी जगात पुष्कळ असतात, या एका आशेवर मी दोन दिवस श्वास घेतेय.

डाग म्हटल्यावर तुला कळलंच असेल. हो ताई. ती तुझी सून आहे. सगळे म्हणतात ती कोणाबरोबर तरी पळून गेली. ती कोणाबरोबर गेली नाही, एकटी माझ्या दारात आली, दोन वर्षांपूर्वी, एका पिशवीनिशी, आणि बसायला सांगितलं तरी बसेना. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. आमच्या गावात तिला कोणी ओळखत नव्हतं, मी सांगितलं माझ्या नात्यातली आहे, आणि ते काही खोटं नव्हतं. पहिले काही महिने कोणी मोठ्याने हाक मारली तरी तिच्या हातातलं भांडं खाली पडायचं. खिडकीत बसायला लागली तीही कशी, तर म्हणाली, काचेच्या मागे बरं वाटतं. हसायला तर तिला आत्ता आत्ता यायला लागलंय. आणि नेमकं तेच त्या मेल्या कॅमेरावाल्याने टिपलं.

सोन्या तिला शोधत माझ्याकडेही आला होता, हे त्याने तुला सांगितलं होतं की नाही कोण जाणे. माझ्यासाठी फळं घेऊन आला होता. किती गोड बोलत होता! मावशी, तब्येत कशी आहे, मावशी, मशीन नीट चालतंय ना. मग म्हणाला, ती दिसली तर कळव, मी रागावलेलो नाही, फक्त एकदा माझ्यासमोर उभी कर. हे म्हणताना तो हसत होता. त्याला म्हटलं, आलाच आहेस तर पिक्चर बघून जा, कारण त्याला लॉबीतून हलवायला मला दुसरं काही सुचेना. आणि तिला घाईघाईत मी लपवलं होतं ती जागा होती पडद्यामागची. सबंध पिक्चर तो पुढे खुर्चीत बसून बघत होता आणि ती पडद्याच्या मागे, त्याच्याकडे तोंड करून, भिंतीला चिकटून उभी होती. तो गेल्यावर मी तिला बाहेर काढलं तर तिला पाय उचलता येईना.

त्याचं मन बदललं असेल असं मला क्षणभरही वाटत नाही. ज्या माणसाने चहाला उशीर झाला म्हणून बायकोचा हात मशीनच्या तापलेल्या दिव्याच्या झाकणावर दाबून धरला, तो माणूस तिला समोर उभी करून काय करेल ते मला रोज स्वप्नात दिसतं. तो तुझा मुलगा आहे. माझाही भाचा आहे, त्याला मी कडेवर घेऊन फिरलेय. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

फिल्म लावूच नकोस असं सांगितलं असतं, पण ते आता शक्य नाही. तू पडद्यावर दिसणार म्हणून तुझं सगळं गाव शुक्रवारची वाट बघतंय, आणि पोस्टरवाला सांगत होता की ‘आमच्या मालकीणबाई पडद्यावर’ असा फलक सोन्यानेच रंगवून बाहेर लावलाय. आता लावली नाहीस तर आधी तोच विचारेल का. तेव्हा लाव, पण कापून. पेटी गुरुवारी सकाळच्या गाडीने येईल. तो दुपारी जेवायला घरी जातो, तेवढाच वेळ तुझ्या हातात आहे. फीत उजेडात धर. तुझं बोलणं संपलं की तुझ्या थिएटरचा जिना दिसतो आणि मग माझं जाडं तोंड येतं. जिना संपला की काप, आणि भट्टीवाल्यांचं धुराडं दिसेपर्यंतचं सगळं बाहेर काढ. मला पूर्ण काढून टाक, उगाच थोडी ठेवायला जाऊ नकोस. दोन्ही टोकं बाबांनी शिकवलं होतं तशी खरवडून चिकटव. सोन्याला जोड दिसेलच, तर सांग, भट्टीवाल्यांचं मशीन फिल्म खातं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. धाकटी कुठे गेली म्हणून कोणी विचारलं तर म्हणावं, पडद्यात मावली नाही.

आणि संध्याकाळपर्यंत मला फोन कर. सोन्या शेजारी असला तरी हरकत नाही. फिल्मबद्दल तुझं मत सांग, नेहमीसारखं. बरी आहे म्हणालीस तर मी समजेन की काम झालं. दुसरं काहीही म्हणालीस, किंवा फोनच आला नाही, तर आम्ही रात्रीच्या गाडीने निघू, आणि कुठे जातोय ते मी तुलाही कळवणार नाही. थिएटरचं काय व्हायचं ते होवो.

ताई, हे पत्र मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही. मी तिला म्हटलं होतं, कपडे भर, आजच निघू. तुला कळवायला माझा साफ नकार होता. तुझ्यावर माझा जीव आहे पण या बाबतीत विश्वास नव्हता, खरं ते खरं. हात भाजला तेव्हा डॉक्टरला चहा सांडला म्हणून सांगणारी तूच होतीस. आणि या पत्राने मी तिचा ठावठिकाणाच तुझ्या हाती देतेय. आत्ता तू उठून दार उघडलंस आणि सोन्याला हाक मारलीस तर मी इथे बसून काय करणार आहे? पण ती हटूनच बसली. म्हणते, आईंना लिहा. ती घर सोडून निघाली त्या दिवशी सोन्या रोजच्यासारखा पुढच्या दाराला कुलूप लावून गेला होता, आणि मागच्या दाराची बाहेरून लागलेली कडी कोणीतरी काढून ठेवली होती. दाराबाहेर तिच्या चपला होत्या, नीट जोडीने, बाहेरच्या दिशेला तोंड करून. घरात आईंशिवाय दुसरं होतं कोण, असं ती मला विचारते. मग माझ्याही ध्यानात आलं की या दोन वर्षांत तू मला इतकी पत्रं लिहिलीस, पण ती इकडे आली का म्हणून एकदाही विचारलं नाहीस. मी त्याला तुझा निष्ठुरपणा समजत होते. ती कडी तूच काढलीस ना, ताई? तूच काढलीस असं धरून मी हे पत्र लिहिलंय, आणि भीतीने माझा जीव अर्धा झालाय. आता एकच सांगायचं राहिलं, तेही तिने लिहायला सांगितलंय. तुकडा कापल्यावर लगेच जाळू नकोस. आधी खिडकीपाशी ने आणि उजेडात धर. तिच्या कोपराशी एक छोटंसं डोकं दिसेल, तिकिटांचं पुस्तक चावत बसलेलं. तुझं घर सोडलं तेव्हा तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. मुलगी आहे. कपाळ तुझं आहे. फोटो पाठवायची माझी छाती होत नाही, तेव्हा तुझ्या नातीला तिथेच नीट बघून घे, हवा तेवढा वेळ बघ, आणि मग तो तुकडा जाळून टाक.

तुझीच,
धाकटी