निळ्या डोक्याची चिमणी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज अर्धा तास पक्षिनिरीक्षण, नंतर काम. वेळ काटेकोर पाळणे. आज वही आखण्यातच पाऊण तास गेला, पण रेघा सरळ आल्या. माझ्या खोलीच्या खिडकीतून मागच्या घरातल्या दंतवैद्यांची सगळी बाग दिसते. थंडीने झाडे उघडी पडली आहेत, पक्ष्यांना लपायला जागा नाही.

पक्षिमंडळाचे सभासद व्हायचे तर एक स्वतंत्र निरीक्षण लिहून द्यावे लागते. मुदत वीस तारखेपर्यंत. मंडळात दोन डॉक्टर, एक प्राध्यापक, आणि चिटणीस म्हणजे आमचे विज्ञानाचे मास्तर. नववीत त्यांच्या विषयात नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. पेपरावर त्यांनी लिहिले होते : अक्षर सुंदर. उत्तर चूक. त्यातला पहिला भाग धरून मी दादाच्या दुकानात बोर्ड रंगवायला लागलो. दुसऱ्या भागाचा निकाल आता लागेल.

३ फेब्रुवारी
चिमण्या ११, कबुतरे ४, कावळा १ (दोनदा आला, एकच धरला).
दंतवैद्यांच्या बोर्डाचा कागद टोचून झाला. अक्षरांच्या कडेने सुईने भोके पाडायची, कागद बोर्डावर लावायचा आणि वरून निळ्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की अक्षरे ठिपक्याठिपक्यांनी उमटतात. भुकटी मी ट्रेमध्ये भरून ठेवतो, तिने वहिनीला शिंका येतात. म्हणाली, या घरात एक तर मी राहीन, नाही तर तुमचा हा ट्रे. ट्रे खिडकीबाहेर कठड्यावर ठेवला.

५ फेब्रुवारी
दादाची जुनी दुर्बीण मिळाली. एक भिंग धूसर आहे, दुसऱ्याने भागवतो. लांबचे उत्तम दिसते. मात्र खाली कठड्यावर सारखी फडफड चालते, निरीक्षणात व्यत्यय येतो. वहिनीला म्हटले, त्या चिमण्या जरा हाकल. ती म्हणाली, भाऊजी, तुम्हाला पक्षीच बघायचेत ना, मग या काय म्हशी आहेत का? मी समजावले की या जवळच्या आहेत. निरीक्षण लांबून करतात.

६ फेब्रुवारी. सकाळी ७.४०
घाई आहे, तरी शुद्ध लिहितो. लिंबाच्या झाडावर एक चिमणी. डोके निळे. पोटही निळसर. पक्ष्यांच्या पुस्तकात नाही. पुस्तक तीनदा तपासले, शुद्धिपत्रासकट.

७ फेब्रुवारी
तीन झाल्या. दादाने विचारले, बोर्ड कुठवर आला? म्हटले, 'दं' झाला. दादा म्हणाला, त्यांचे स्वतःचे दात पडायच्या आत पुढचं घे.
उद्यापासून निरीक्षण फक्त वीस मिनिटे.

८ फेब्रुवारी, रविवार
दुकानाला सुट्टी. ट्रे आत घेतला. सकाळी चार तास बसलो, एकही निळी नाही. ही जात रविवारी अन्यत्र जाते. कारण शोधणे.

९ फेब्रुवारी
ट्रे बाहेर ठेवून बसलो. दहापर्यंत पाच निळ्या. अनुमान पक्के.

११ फेब्रुवारी
शिंप्याचा बोर्ड घाईचा निघाला. तो काळा आहे, म्हणून ट्रेमध्ये पिवळी भुकटी भरली. दंतवैद्यांचे उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी
निळ्या गायब. त्यांच्या जागी चार पिवळ्या. दुपारपर्यंत विचार केला आणि उलगडा झाला : निळ्या त्या माद्या, पिवळे ते नर. माद्या आधी येऊन जागा पसंत करतात, नर मागून येतात. वहिनीला सगळे सांगितले. ती खिडकीबाहेर कठड्याकडे बघून म्हणाली, भाऊजी, तुम्ही आधी जेवून घ्या.

१४ फेब्रुवारी
निरीक्षण मास्तरांच्या घरी देऊन आलो. नऊ पाने, एकही खाडाखोड नाही. नाव सुचवले आहे 'कामकरी चिमणी', कारण ती सुट्टी पाळते. स्वतःचे नाव द्यायचा मोह आवरला. मंडळाने आग्रहच धरला तर बघू.

१७ फेब्रुवारी
मास्तरांचा निरोप : गुरुवारी सकाळी बघायला येतो. म्हणजे पटलेले दिसते.
दंतवैद्य स्वतः बोर्डाची चौकशी करून गेले. मी म्हटले, तुमच्या बागेचं नाव जगभर होणार आहे. ते म्हणाले, आधी माझं दारावर होऊ दे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
मास्तर सातला आले. मी दुर्बीण पुढे केली. नको म्हणाले. बागेकडे बघितलेही नाही. कठड्याकडे बघत उभे राहिले. ट्रेमध्ये दोन चिमण्या पंख पसरून, अंग घुसळत, लोळत होत्या. त्या उडाल्यावर मास्तरांनी ट्रेमध्ये बोट बुडवले, पिवळे बोट उजेडात धरले आणि विचारले, हे काय? मी भुकटीची सगळी पद्धत सांगितली, आधी निळी होती हेही सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, चिमण्या धुळीत का लोळतात?

हे मला येत होते. नववीचा धडा, मी दोनदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढला होता. म्हटले, अंगावरचे किडे झडावेत म्हणून त्या धूळ पिसांत घोळ... इथे माझे लक्ष ट्रेकडे गेले.

वहिनी दारातून म्हणाली, मी रोज बघत होते, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. दादा चहा सांगायला म्हणून खाली गेला. त्याचे हसणे वरपर्यंत ऐकू येत होते. मास्तर हसले नाहीत. ते हसले असते तर बरे झाले असते. त्यांनी हात धुवायला साबण मागितला.

२१ फेब्रुवारी
नऊ पाने परत आली. वर लाल शाईत : अक्षर सुंदर. उत्तर चूक.
खाली पेन्सिलने : मंडळाच्या खोलीसाठी बोर्ड हवा आहे, चार फूट बाय दोन. माप घ्यायला रविवारी बैठकीच्या वेळी ये.
सभासदत्वाबद्दल काही नाही. पण माप घ्यायचे तर आत जावे लागणार, आणि मी मापे फार सावकाश घेतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार
काल माप घेतले. दोन तास लागले. कुणी ऊठ म्हणाले नाही.
दंतवैद्यांचा बोर्ड आज पुरा झाला, त्याच निळ्या भुकटीवर. ट्रेवर झाकण घातले. चिमण्या १४, सगळ्या तपकिरी. दुर्बीण दादाला परत केली.

२४ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
झाकण थोडे किलकिले ठेवले आहे. भुकटीला हवा लागलेली बरी.