बालवर्गाची मिंगा

पुकाराबाहो, गुरुवार सकाळ

ती. सोइलाताईस लिसान्द्रोचा वाकून नमस्कार.

बाबांचा शंख आठवतो का तुला? पहाटे टेकडीवर जाऊन ते फुंकायचे, आणि तो आवाज आधी पोटात शिरायचा, मग कानात. तू गोधडी डोक्यावर ओढून आज कुणाच्या कामाला मिंगा म्हणून विचारायचीस, आणि आई उत्तर द्यायच्या आधीच मका उकळत टाकायची. तो आवाज सोमवारी आपल्या गल्लीत पुन्हा निघाला. बाबांच्या मानाने बेसूर, कारण फुंकणारीचा पुढचा एक दात पडला आहे. पण ते मागाहून. आधी तुझे गुडघे कसे आहेत? (गोळ्या घेतेस, की अजून उशीखाली जमवतेस?) कीतो शहरातल्या चढांवर एकटी बाजाराला जाऊ नकोस. माझी प्रकृती ठणठणीत आहे. डोक्याचं काय ते खालच्या मजकुरावरून तूच ठरव.

या वयात मी शाळेत जाऊ लागलो आहे. नार्सिसाबाईंनी बोलावलं. बालवर्गाला 'आपली गल्ली' असा धडा आहे, आणि शेजारी, नकाशा, नियम, गरज, मत असले शब्द पोरांना शिकवायचे आहेत. बाईंचं म्हणणं असं, की नुसता पाठ केलेला शब्द पोराचा होत नाही, त्या शब्दाने पोराने काहीतरी करून बघायला हवं. मी म्हटलं, आम्ही तर सगळं पाठच करायचो, कविता सुद्धा, आणि आमचं काही बिघडलं नाही. त्यावर बाई नुसत्या हसल्या. (त्या हसण्याचा अर्थ मी अजून शोधतो आहे.) तर 'नकाशा' शिकवला, तेव्हा पोरांनी चर्चपेक्षा बेकरीवाल्याचा कुत्रा मोठा काढला, कारण चर्च कुणाच्या मागे धावत नाही. 'नियम' शिकवला, तर त्यांनी बोलायच्या आधी हात वर करायचा नियम केला, मोठ्यांनीसुद्धा. रविवारी पाद्रीबाबांना हात वर करूनच प्रवचन सुरू करावं लागलं. 'शेजारी' माझ्या वाट्याला आला. ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागते तो शेजारी, असं मी सांगून टाकलं, आणि सांगताना खिडकीबाहेर बघत राहिलो.

कुणाची आठवण झाली ते तुला सांगायला नको. भिंतीपलीकडच्या एर्मोहेनेसशी अबोला धरून मला यंदा अकरा वर्षं झाली. कारण लोकांना क्षुल्लक वाटतं. (तुलाही वाटतं, माहीत आहे मला.) झेंडावंदनाच्या दिवशी सगळ्या गावापुढे मी आपली जुनी, चौथीच्या पुस्तकातली वाऱ्याची कविता म्हणत होतो, आणि 'वारा आला मक्यामधुनी' इथे जरासा थांबलो. विसरलो नव्हतो, ताई. भाव यावा म्हणून थांबलो होतो. तर हा तिसऱ्या रांगेतून पुढची ओळ गुरं हाकल्यासारखा ओरडला, 'दार उघडा, थकला तो', आणि सगळं गाव हसलं. एका बाकावर सहा वर्षं बसलेला माणूस. मी घरी आलो आणि दोन परसांमधली भिंत आणखी चार थर चढवली. ती भिंत फेब्रुवारीच्या पावसात मधोमध कोसळली. मी ती बांधायला काढली नाही; पाठीचं निमित्त सांगत राहिलो. खरं कुणाला सांगू नकोस. त्या खिंडारातून सकाळी त्याचं कोंबड्यांना दाणे टाकणं ऐकू येतं, आणि दाणे टाकताना तो अजून कविता म्हणतो. त्याची तिसऱ्या कडव्यात चूक होते. इतके महिने दात आवळून ऐकतो आहे.

सोमवारी 'गरज' आणि 'मत' हे दोन शब्द एकत्र आले. गल्लीला कशाची गरज आहे यावर पोरांनी मतं दिली. आइस्क्रीमच्या तळ्याला सात, कुत्र्याला चपला करण्याला पाच, आणि लिसान्द्रोआजोबांच्या भिंतीला नऊ. मी म्हटलं, बरं, बांधू कधीतरी. तामिया (तीच ती दात पडलेली) हात वर करून म्हणाली, "बांधायची नाही. तिथे दार करायचं. पडलेलीच आहे, अर्धं काम झालंय." आता एवढं मोठं काम कोण करणार, असा प्रश्न निघाल्यावर मला 'मिंगा' शिकवायची सुरसुरी आली. बाबांचा शंख दाखवायला नेलाच होता. सगळं सांगितलं: शंख वाजला की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन येतो, नाही म्हणायची पद्धत नाही, आणि ज्याच्या घरची मिंगा त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मग, शब्दाने काहीतरी करून बघायचं म्हणून, शंख तामियाच्या हातात दिला. ती फुंकत फुंकत वर्गाबाहेर पडली आणि मागून वीस पोरं. आपल्याकडे वाजलेला शंख परत घेता येत नाही, हे मला बाबांनी शिकवलं होतं आणि नेमकं तेव्हाच आठवलं नाही.

पोरं दारोदार गेली. पहिलं दार एर्मोहेनेसचं, कारण माझीच व्याख्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं, असं तामिया म्हणते. बाकी सगळे येणार आहेत. कधी, ते विचारू नकोस. बाईंनी दिवस ठरवला शनिवार, पण 'काल, आज, उद्या' हा धडा पुढच्या आठवड्यात आहे. त्यामुळे पोरांनी कुणाला उद्या सांगितलं, कुणाला दोनदा झोपल्यावर, कुणाला ख्रिसमसनंतर. बेकरीवाला मंगळवारीच कुदळ घेऊन आला होता. त्याला उकडलेला मका खाऊ घालून परत पाठवला.

बाकी सर्व क्षेम. भाचेमंडळींना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
लिसान्द्रो

ता. क. आईचा तांब्याचा मोठा हंडा तुझ्याकडे आहे. तू तो नेलास तेव्हा 'मला नको' असं मी म्हणालो होतो, ते रागात. चाळीस माणसांचा बटाट्याचा लोक्रो माझ्या पातेल्यात शिजणार नाही. हे पत्र आज दुपारच्या बसवाल्याच्या हाती देतो, हंडा उद्याच्या बसने पाठव.

ता. क. २. हंडा राहू दे, तू ये. लोक्रो मी शेजारणींकडून पातेली मागून करीन. पण सगळं गाव दार करायला जमलं आणि ते पलीकडे ज्याच्या अंगणात उघडायचं तोच आला नाही, तर मी दाराचं काय करू? एर्मोहेनेस लहानपणापासून तुझ्याच शब्दाला मान देतो. त्याला एवढंच सांग, की तेव्हा मी विसरलो होतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. आणखी कुणीतरी दिवस चुकला असणार. लिहिता लिहिताच कोण आहे म्हणून विचारलं, तर फावडं पायरीला टेकल्याचा आवाज. परसात खिंडार आहे, एक टांग टाकली की माणूस माझ्या अंगणात. तरी हा कुणी गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आलाय. पुन्हा विचारलं. आता बाहेरून, गुरं हाकल्यासारखा आवाज आला, "दार उघडा, थकला तो."